खोबरेल खायचं, तर किती, कुठलं आणि कशात

खोबरेलाबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एकाला ते हृदयाचं विष वाटतं, तर दुसरा सकाळी अनशापोटी दोन चमचे पितो. या वादात रोजच्या स्वयंपाकाचा प्रश्न बाजूला पडतो आणि घरोघरी त्याच त्या चुका होत राहतात. आहे त्या तेलात खोबरेलाची भर पडते, केसांच्या तेलाची बाटली कढईत रिकामी होते, तळणातून उरलेलं तेल आठवडाभर फिरत राहतं. आणि नारळाच्या वाटणातून पोटात जाणारी चरबी तर कोणी मोजतच नाही.

आधी उत्तर देऊन टाकू. निरोगी माणसाने खोबरेल खायला हरकत नाही, पण ते तुपासारखं वापरावं: चवीपुरतं आणि मोजून. घरातलं रोजचं मुख्य तेल म्हणून ते घेऊ नये. खोबरेलात ८५ टक्क्यांच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते. तुपात ती ६० ते ६५ टक्के असते, शेंगदाणा तेलात २० टक्क्यांच्या आत. संपृक्त चरबी वाढली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वाढतं. २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल दर १०० मिली रक्तामागे सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त भरलं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तेही ४ मिलिग्रॅमने वाढलं आणि खोबरेलाची भलामण करणारे नेमकं तेवढंच सांगतात. पण औषधांनी एचडीएल वाढवून पाहिलेल्या बहुतेक चाचण्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्या ४ मिलिग्रॅमवर विसंबू नका.

आता कामाचा क्रम. पहिले तीन टप्पे कागदावरचे आहेत आणि बहुतेक जण तेच गाळतात.

टप्पा १: घरात कोणी थांबायचं, ते ठरवा

१. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, शेवटचा अहवाल काढा. तो वर्षापेक्षा जुना असेल तर नवीन करून घ्या, शक्यतो ९ ते १२ तास उपाशी राहून.

२. त्यातला एलडीएलचा आकडा वहीत लिहा. एकूण कोलेस्टेरॉल पाहून ठरवू नका, कारण एचडीएल वाढलं तरी तो आकडा वाढतो आणि एलडीएल वाढलं तरी वाढतो.

३. स्टेंट बसवलेला, बायपास झालेला, आधी झटका आलेला, मधुमेही, एलडीएल आधीच जास्त असलेला किंवा घराण्यात तरुण वयात झटके आलेले आहेत असा कोणी असेल, तर त्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोबरेल सुरू करू नये. घरात एकच भाजी शिजत असेल, तर अख्ख्या घराचं तेल या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरतं.

सावधान: कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ‘आता घाण्याचं तेल सुरू केलंय’ म्हणून ती बंद करू नका. केरळात हृदयरुग्णांवर दोन वर्षं चाललेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. खोबरेल आणि सूर्यफूल तेल खाणाऱ्यांमध्ये तिला फरक आढळला नाही, आणि हा दाखला वारंवार दिला जातो. पण त्यातले रुग्ण नेहमीची हृदयाची औषधं घेत होते. औषध सोडून खोबरेल खाणाऱ्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.

टप्पा २: महिन्याच्या तेलाला माणसांनी भागा

खोबरेल आणण्याआधी घरात सध्या किती तेल उडतं हे कळायला हवं. अंदाज बांधू नका, अंदाज नेहमी कमीच निघतो.

१. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातलं सगळं तेल मोजा आणि महिनाभरात आलेल्या पिशव्या-डबे टिपून ठेवा. तूप आणि लोणीही धरा.

२. महिनाअखेरीस उरलेलं वजा करा. १ लिटर तेल म्हणजे साधारण ९२० ग्रॅम.

३. आलेल्या ग्रॅमना माणसांनी आणि ३० दिवसांनी भागा. पाच-सहा वर्षांखालचं मूल अर्धं धरलं तरी चालेल.

उदाहरण घ्या. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागतं. ते झालं ४,६०० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चौघांना ते महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास पडतं. बाहेरचा वडा, फरसाण आणि बिस्किटं यात आलेलीच नाहीत.

पडताळा: तुमचा आकडा ३० च्या वर असेल, तर खोबरेल आणायची घाई करू नका. आधी एकूण तेल खाली आणा. ३८ ग्रॅमच्या घरात खोबरेलाची बाटली आली की आकडा ४२ होतो, आणि ‘चांगलं तेल’ सुरू केल्याचं समाधान तेवढं पदरात पडतं.

टप्पा ३: नारळ मोजा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. खोबरेलाच्या चमच्यावर वाद होतो आणि शेजारी पाट्यावर अर्धा नारळ वाटला जातो. चरबी तीच आहे.

ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३३ ग्रॅम चरबी असते आणि त्यातली ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. माशाच्या आमटीला चौघांसाठी १२० ग्रॅम खवलेलं खोबरं घातलं, म्हणजे साधारण अर्धा नारळ, तर माणशी ९ ग्रॅम संपृक्त चरबी त्या एका आमटीतून गेली. घाटावरच्या घरांनी यातून सुटका मानू नये. सुक्या खोबऱ्यात चरबी जवळपास दुप्पट, १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या वर असते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ५० ग्रॅम सुकं खोबरं गेलं तर चौघांत माणशी ७ ग्रॅम होतात. सोलकढीच्या चोथ्यात थोडी चरबी मागे राहते, बाकीची पेल्यात उतरते.

आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी संपृक्त चरबीतून यावेत. २००० उष्मांकांना ते २२ ग्रॅम होतात. बैठं काम करणाऱ्या, १६०० उष्मांकांत भागणाऱ्या बाईला जेमतेम १८.

कोकणातल्या एका साध्या दिवसाची बेरीज करून पाहा:

दोन कप चहात मिळून १०० मिली फुल क्रीम दूध: ४ ग्रॅम
भातावर छोटा चमचा तूप: ३ ग्रॅम
पोळी-भाजीत दिवसभरात २० ग्रॅम शेंगदाणा तेल: साडेतीन ग्रॅम
वाटणाची आमटी: ९ ग्रॅम

साडेएकोणीस झाले. मासा, डाळ, पीठ यांची थोडीथोडी भर धरली की २२ भरतात. अजून खोबरेलाचा थेंबही पडलेला नाही, आणि छोट्या चमचाभर खोबरेलात जवळपास ४ ग्रॅम संपृक्त चरबी असते.

यातून घरासाठी दोन नियम काढा आणि स्वयंपाकघरात लावून ठेवा:

१. वाटणाच्या दिवशी खोबरेल फक्त वासापुरतं: चौघांच्या भांड्याला मिळून एक छोटा चमचा, माणशी १ ग्रॅम. बाकी फोडणी-तळणी दुसऱ्या तेलात. जमलं तर त्या दिवशी तूप गाळा.

२. नारळ नसलेल्या दिवशी निरोगी माणसाला एक, फार तर दोन छोटे चमचे. तेवढंच दुसरं तेल किंवा तूप कमी करून.

‘ऐवजी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुपाऐवजी खोबरेल घेतलं तर फार काही बिघडत नाही. शेंगदाणा तेलाऐवजी घेतलं तर संपृक्त चरबी चौपटीहून जास्त होते. आणि काहीच कमी न करता वरून घेतलं, तर उष्मांकही वाढतात. मोठ्या चमच्याला सुमारे १२०, इतर कुठल्याही तेलाइतकेच.

वाटण हलकं करायचं असेल तर सुकं खोबरं तेलात परतू नका. मंद आचेवर नुसतंच भाजा, त्याचं तेल त्यालाच सुटतं. १२० ग्रॅमच्या जागी ७० ग्रॅम ओलं खोबरं घेऊन दाटपणासाठी एक चमचा भिजवलेले तांदूळ वाटणात घातले, तर आमटी फुटत नाही आणि माणशी साडेतीन-चार ग्रॅम वाचतात.

टप्पा ४: बाटली किंवा घाणा निवडा

आपल्याकडे खोबरेल म्हटलं की आधी केसच आठवतात. दुकानातही ते बहुधा साबण-शाम्पूच्या फळीवर असतं. म्हणून लेबल वाचल्याशिवाय कढईत ओतू नका.

१. ‘खाद्य तेल’ असं छापलेलं हवं. सोबत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण हवी. यातलं काही नसेल तर ते केसांचं तेल समजा.

२. घटकांत फक्त खोबरेल हवं. सुगंध, मिनरल ऑइल किंवा औषधी वनस्पतींचा अर्क असलं काही दिसलं तर ती बाटली खायची नाही.

३. प्रकार ओळखा. ओल्या नारळाच्या दुधापासून किंवा ताज्या खोबऱ्यापासून काढलेलं ते व्हर्जिन: पाण्यासारखं स्वच्छ, सौम्य वासाचं, महाग. सुक्या खोबऱ्यापासून घाण्यावर काढलेल्या तेलाला खमंग वास आणि किंचित पिवळट झाक असते. रिफाइंडला वासच नसतो.

४. ‘व्हर्जिन’ म्हणजे हृदयाला हलकं असा अर्थ काढू नका. संपृक्त चरबी तिन्हींत सारखीच आहे. फरक चवीचा, वासाचा आणि तापण्याच्या मर्यादेचा.

घाण्यावरून घ्यायचं असेल तर तेलाआधी खोबरं बघायला मागा. चांगली वाटी कडक, पांढरी असते आणि मोडली की कट्‌कन तुटते. वाकणारी, चामट वाटी पुरती वाळलेली नसते. हिरवी-काळी-पिवळी बुरशी दिसली तर तिथून घेऊ नका, वास कितीही छान असो. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. रिफायनरीत ते बरंचसं निघून जातं, पण घाण्याच्या तेलात उतरलं तर तिथेच राहतं. त्यामुळे घाण्याचं तेल तितकंच चांगलं, जितकं त्यातलं खोबरं. वाट्यांना फटाक्याच्या दारूसारखा वास येत असेल तर गंधकाची धुरी दिलेली असते, तेही टाळा.

स्वतःचं खोबरं गाळून आणणाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. आधी त्या घाण्यावर काय गाळलं होतं? एरंड, करंज, कडुनिंब यांसाठीही घाणा वापरत असतील तर तिथे खायचं तेल गाळू नये. दुसरं, तेल निवळून देणार की तसंच? ताज्या तेलात बारीक गाळ असतो. घरी आणल्यावर उंच स्टीलच्या भांड्यात झाकून दोन-तीन दिवस हलवू नका, मग वरचं तेल सावकाश ओतून कोरड्या सुती कापडातून गाळा. तळातला गाळ तेलात राहिला की तेल लवकर खवट होतं.

टप्पा ५: घरी तपासा, मग साठवा

१. काचेच्या छोट्या पेल्यात थोडं तेल घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही.

२. बाहेर काढून उजेडात धरा. शुद्ध खोबरेल थिजून एकसंध पांढरं होतं. वर पातळ तेलाचा वेगळा थर तरंगत राहिला तर दुसरं तेल मिसळलेलं आहे.

३. वितळलेल्या तेलाचा एक थेंब जिभेवर ठेवा. साबणासारखी किंवा घशाला खवखवणारी चव आली तर तेल परत करा.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवा. पाम कर्नेल तेलही थंडीत तसंच थिजतं, त्यामुळे ती भेसळ यात पकडली जात नाही. उलट थंडीत पुण्या-नाशकात बाटली आपोआप गोठली, म्हणून मेणाची शंका घेऊ नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतंच.

साबणाच्या चवीचं कारण समजलं की साठवण आपोआप सुधारते. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. तेलात पाणी गेलं की हे आम्ल सुटं होऊ लागतं आणि तीच ती साबणासारखी चव. म्हणून:

बरणी काचेची किंवा स्टीलची, रुंद तोंडाची, पूर्ण वाळवलेली. चमचा कोरडा. बरणी गॅसच्या शेजारी नको, भांड्याची वाफ झाकणातून आत जाते. नवीन तेल जुन्यावर ओतू नका. बरणी रिकामी करा, धुवा, उन्हात वाळवा, मग भरा. घाण्याचं तेल दोन-तीन महिन्यांपुरतंच आणा. थिजलेली बरणी गॅसवर ठेवू नका, कोमट पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं उभी करा, पाणी झाकणापर्यंत येऊ न देता.

सावधान: थंडीत चमच्याचा हिशेब हमखास चुकतो. पातळ तेलाचा छोटा चमचा म्हणजे ५ मिली, साडेचार ग्रॅम. तोच चमचा थिजलेल्या बरणीत खुपसून शीग भरून काढला की जवळपास दुप्पट तेल येतं. मापाचा चमचा ठेवा आणि बरणीच्या काठाला घासून सपाट करा.

टप्पा ६: गॅसवर: आधी वास, मग आच

खोबरेलाची सगळी किंमत त्याच्या वासात आहे आणि तो वास आधी उडतो. म्हणून कमी तेलात जास्त चव मिळवायची तर ते शेवटी घालायचं. गोव्या-कारवारकडे तिरफळाच्या हुमणावर आणि केरळात अवियलवर कच्चं खोबरेल घालतात, ते याचसाठी.

१. आमटी किंवा भाजी पूर्ण शिजवा, मीठ-आंबट जुळवा.

२. गॅस बंद करा. उकळी बसू द्या.

३. चौघांच्या भांड्याला एक सपाट छोटा चमचा खोबरेल वरून फिरवा. कढीपत्ता घालायचा असेल तर हातात चुरडून तेलासोबतच टाका.

४. झाकण ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग एकदाच खालून वर ढवळा.

झाकण काढल्यावर येणारा वास तीन चमचे तेलाच्या फोडणीतही मिळत नाही, कारण फोडणीत तो गॅसवरच उडून गेलेला असतो. उकळत्या आमटीत तेल घालणं ही इथली नेहमीची चूक. वास जातो, तवंग तेवढा उरतो, आणि चव लागत नाही म्हणून हात आणखी एक चमचा घालतो.

फोडणीलाच वापरायचं असेल, तर जाड बुडाची छोटी कढई घ्या. मध्यम आच, दोन छोटे चमचे तेल. एक मोहरी टाकून बघा. ती तडतडली की बाकीची टाका, आच कमी करा, मग हिंग, कढीपत्ता, मिरची. व्हर्जिन खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं, म्हणजे शेंगदाणा तेलाच्या बरंच आधी. धूर दिसला तर ती फोडणी टाकून द्या. जळक्या खोबरेलाचा कडवटपणा कुठल्याही मसाल्याने झाकत नाही.

बांगडा, सुरमई तव्यावर भाजायची तर दोन तुकड्यांना एक छोटा चमचा पुरतो. मासा आधी कागदाने टिपून कोरडा करा, तवा तापल्यावर तेल पसरा, लगेच मासा ठेवा आणि खालची बाजू सुटेपर्यंत उचलू नका. चिकटतोय म्हणून तेल वाढवलं जातं. खरं कारण ओला मासा किंवा थंड तवा असतो.

टप्पा ७: तळण शक्यतो नको

केळ्याचे वेफर्स केरळात खोबरेलात तळतात आणि ते सुंदर लागतात. सणाला, कधीतरी, ठीक. रोजच्या पुऱ्या-भज्यांसाठी नाही. तळायचंच असेल तर:

१. रिफाइंड खाद्य खोबरेल घ्या. ते २०० अंशांच्या पुढे धुरतं, त्यामुळे १७० ते १७५ अंशांवर तळायला जागा उरते. थर्मामीटर नसेल तर पिठाची छोटी गोळी टाका. ती क्षणभर खाली जाऊन सावकाश वर आली तर आच बरोबर आहे. लगेच वर येऊन लाल झाली तर तेल फार तापलंय.

२. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

३. पदार्थ कोरडा करा. पाण्याने फेसही होतो आणि ती साबणी चवही येते.

४. तळून झाल्यावर तेल गाळून ठेवा, दोन-तीन दिवसांत फोडण्यांना संपवा. पुन्हा तळणाला नको.

सावधान: कमी पडलं म्हणून गरम खोबरेलात शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल ओतू नका. खोबरेलात दुसरं तेल मिसळून तळलं की फेस भसाभसा वर चढतो आणि कढईबाहेर येऊन गॅसवर सांडू शकतो. यातून आग लागते.

तेल काळपट, दाट झालं, तापवताना फेसाळलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरलं की त्याचं आयुष्य संपलं. हॉटेलांसारख्या खाद्य व्यावसायिकांनी तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांपुढे गेल्यावर ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजायचं साधन नाही, डोळा आणि नाक हीच साधनं. टाकाऊ खोबरेल मोरीत ओतू नका, ते पाइपात थिजून बसतं. जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाका.

टप्पा ८: जोडीचं तेल ठरवा

खोबरेलात जे नाही, तेही बघायला हवं. शरीराला बाहेरूनच मिळावं लागणारं लिनोलिक आम्ल त्यात २ टक्क्यांच्या आसपास असतं, ओमेगा-३ जवळजवळ नाही, ई जीवनसत्त्व नगण्य. फक्त खोबरेलावर चालणाऱ्या घराला हे सगळं दुसरीकडून आणावं लागतं.

पोळी-भाजीला शेंगदाणा किंवा तिळाचं तेल ठेवा. आठवड्यातून काही दिवस मोहरीचं किंवा सोयाबीनचं, त्यांत ओमेगा-३ असतं. मोहरीचा उग्र वास नको असेल तर रोज चमचाभर जवसाची चटणी खा. बांगडा-तारली खाणाऱ्या घरांचं काम सोपं आहे, फक्त मासा खोबरेलात बुडवून तळू नका. तेलं एकाच बाटलीत मिसळू नका, पदार्थाप्रमाणे वेगवेगळी वापरा.

याच टप्प्यावर कोणीतरी ‘एमसीटी’चा, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीचा, मुद्दा काढतं: खोबरेलातली चरबी लगेच जळते, अंगावर चढत नाही, वजन उतरतं. ज्या प्रयोगांवरून हे बोललं जातं त्यांतलं तेल खास बनवलेलं, ८ आणि १० कार्बनांच्या आम्लांचं होतं. खोबरेलात अशी आम्लं १५ टक्क्यांच्या आसपास आहेत. निम्मा वाटा असलेलं लॉरिक आम्ल शरीरात बहुतांशी इतर लांब साखळीच्या चरबीसारखंच शोषलं जातं. कॉफीत चमचा घालून वजन उतरत नाही, १२० उष्मांकांची भर मात्र पडते. अनशापोटी पिण्यालाही याहून वेगळा आधार नाही.

टप्पा ९: आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा

१. खोबरेल सुरू केल्याची तारीख आणि रोजचं माप वहीत लिहिलेलं असू द्या. या काळात दुसरा मोठा बदल करू नका. नवा व्यायाम किंवा नवीन गोळी एकाच वेळी सुरू झाली तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

२. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. त्याच प्रयोगशाळेत, तितकेच तास उपाशी राहून. आजारपणात किंवा लग्नसराईच्या जेवणांनंतर लगेच नको.

३. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या एलडीएलशी तुलना करा.

माणसाचं एलडीएल काहीही न बदलता थोडं खालीवर होतच असतं. १२० चं १२५ झालं म्हणून बाटली फेकू नका आणि ११५ झालं म्हणून चमचे वाढवू नका. १२० चं १४० झालं असेल तर खोबरेल बंद करा, वाटणातला नारळ निम्मा करा आणि आणखी आठ आठवड्यांनी तिसरी तपासणी करा. तेव्हा आकडा खाली आला तर तुमच्या शरीराला हे प्रमाण झेपत नाही. आला नाही, तर कारण दुसरं आहे. तिन्ही अहवाल आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.